बेलिफाचे पाय

चार बेलिफ एका बाकावर बसले की किस्से निघणारच. कोर्टाचे कागद बजावायला दारोदार हिंडणाऱ्यांना त्यांचा काय तोटा! इतरांच्या किश्शांत कुत्री असतात, लाठ्या असतात. माझे सगळे घोट्याच्या खालचे. लोकांचं हातावर पोट, माझं पायांवर. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नेमका पायांनाच संधिवात जडला.

*

दुखणं लपवायला मी टोकदार काळे पंपशू घेतले. रुबाब नको? एकदा मला बघून एक प्रतिवादी पळाला. मी लंगडत मागे. बांधापाशी तो थांबला, वळला आणि परत आला.

"बसा सायेब, मीच येतो. तुमचं हाल बघवत न्हाईत!"

*

आमच्यातला जुना बेलिफ सदूभाऊ म्हणाला, "कातडं सोड, खडावा घाल." घातल्या. दुपारपर्यंत बोटं सुजली आणि खुंटी मध्येच अडकली. खडाव निघेना! कोर्ट चालू असताना मी खटाक खटाक करत कागद घेऊन आत गेलो. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"घोडा कोणी आत आणला?"

शेवटी सुतारानं खुंटी कापली. बघायला झाडून सगळे वकील हजर होते.

*

मग नाझरसाहेबांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठांनी बोलावलं. राजूरकडचं एक समन्स आमच्या तिघा बेलिफांना बजावता आलं नव्हतं.

"आता तुम्ही जा. नाही जमलं तर राजीनामा लिहून आणा."

घरी खाणारी पाच तोंडं. खरं सांगतो, घाबरलो.

नगरला कॅम्पात भिवाजी बूट शिवायचा. सकाळीच त्याला गाठलं.

"सांजच्याला या. पाय सुजल्यावर माप घ्याचं असतंय."

संध्याकाळी त्यानं दोन्ही पाय कागदावर वेगवेगळे आखले. पुढे रुंद, आत घोंगडीचा मऊ थर, जाड तळ आणि टाचेला आवळायचा पट्टा, अशा वहाणा ठरल्या.

"जरा नाजूक दिसतील असं बघ," मी म्हणालो.

"चालायचं हाय का मिरवायचं?"

*

त्या वहाणांवर मी राजूरच्या पुढची वाडी चढलो. बोटांनी चकार शब्द काढला नाही!

प्रतिवादीची म्हातारी आई उंबऱ्याशी बसली होती. तिचे घोटे माझ्यासारखेच सुजलेले.

"ल्योक घरात न्हाई," ती म्हणाली.

संपली नोकरी! वहाणा दाराबाहेर काढून मी पाणी प्यायला आत टेकलो. तांब्या खाली ठेवून बघतो, तर वहाणा म्हातारीच्या पायात! पट्टे आवळून ती अंगणात उभी. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि निघाली सरळ विहिरीच्या वाटेनं.

तेवढ्यात माळ्याच्या झरोक्यातून आरोळी आली, "आये! आगं, तू चालाया लागलीस!"

ल्योक धाडकन खाली उतरला. मी समन्स पुढे केलं. आईवरची नजर न काढता त्यानं अंगठा उठवला. माझ्या जिवात जीव आला.

मग मी म्हातारीकडे वहाणा मागितल्या. तिनं पट्टा आणखी आवळला.

"भाऊ, शिवनारा तुमाला ठावं हाय. तुमी दुसऱ्या करून घ्या."