दोन्ही हात डोक्यावर

पन्नाशी ओलांडल्यावर मी वॉटर स्कीइंग शिकायला गंगापूर धरणावर गेले, तेव्हा पहिला तासभर पाण्याला पायसुद्धा लागला नाही. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची, पण भारी कडक. तिने माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, मग काठावर बसवून खुणा पाठ करून घेतल्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर धरायचे, म्हणजे मी ठीक आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, पोरांकडून घोकून घेते. त्या दिवशी घोकायची पाळी माझी होती.

बोट ती चालवणार होती, आणि मागे दोरी धरून, पायांत स्की घालून मी पाण्यावरून ओढली जाणार होते. चालवणाऱ्याने पुढेच बघायचं, म्हणून मागे माझ्यावर नजर ठेवायला दुसरं माणूस हवंच, असं तिने बजावलं. ते काम माझ्या नवऱ्याकडे आलं. त्याला पोहता येत नाही. जॅकेट घालून तो बोटीत मागे तोंड करून बसला.

चार वेळा मी पडले. तिसऱ्यांदा हसण्याच्या नादात हात वर करायचे राहिले, आणि बोट वळून येईपर्यंत नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानंतर मात्र विसरले नाही.

पाचव्यांदा उभी राहिले. पाणी पायांखालून सळसळत मागे जात होतं आणि मी खरोखर उभी होते. इतक्यात शिकवणारीने पुढे बघतच नवऱ्याला काहीतरी ओरडून सांगितलं आणि त्याने गळ्यावरून हात फिरवला. थांबा! राग आला, पण दोरी सोडली आणि हळूहळू पाण्यात बसले.

पुढे, बरंच लांब, ट्रकच्या ट्यूबवर बसून एकजण जाळं टाकत होता. मासे धरणाऱ्यांच्या आसपास फिरकायचंही नाही, असा नियम होता. तो हातांनी वल्हवत जवळ आला. सकाळपासून माझं पडणं बघत होता म्हणे.

"ताई, आत्ता कुठं उभ्या राहिल्या व्हत्या," तो म्हणाला, "मंग थांबल्या कशाला?"

तुमच्यासाठी, असं मी सांगितलं. तो लाजून हसला आणि कुठल्या बाजूला जाळी नाहीत ते त्याने दाखवलं. आम्ही तिकडे वळलो. या खेपेला मी पार लांबच्या वळणापर्यंत उभी गेले, आणि बोटीतून नवरा दोन्ही अंगठे वर करून दाखवत होता. ही खूण वेग वाढवण्याची आहे, हे तो आनंदात साफ विसरला होता.