दादांचा आवाज धरताना

दादांच्या गळ्यावर मुंबईला ऑपरेशन होणार होतं, गाडी त्याच संध्याकाळची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं : जीव वाचेल, आवाजाचं काही खरं नाही. आणि मी भर दुपारी त्यांच्या घरात, अमरावतीहून एसटीत मांडीवर सांभाळत आणलेला टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बसलो होतो.

दादा नात्याने माझे कोणी नव्हेत. सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून कामाच्या शोधात इकडे आलो, तेव्हा रेल्वेच्या गँगमधल्या या माणसाने मला स्टेशनावरून सरळ घरी नेलं. वहिनींनी जेवू घातलं. "भात मागते लेकाचा. इथं भाकर खा लागते," म्हणायच्या, आणि मूठभर तांदूळ माझ्यापुरते वेगळे शिजवायच्या. पुढे अमरावतीत, राजापेठेतल्या लाऊडस्पीकरच्या दुकानात चिकटलो तोही दादांच्याच शब्दावर. त्या घराचं मीठ अंगात होतं. त्यातून उतराई होण्यासारखी एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि तीही मालकाने एका दिवसापुरती दिलेली.

दादा धम्माची गाणी गायचे. दीक्षा घेतल्यापासून दर्यापूरच्या बाजूच्या वस्त्या त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. माईक कुठला? शेवटच्या घरापर्यंत पोचावं म्हणून गाण्याआधी ते एक लांब हाक देत. ती ऐकून माणसं ताटावरून उठून येत.

रेकॉर्डरला काचेचा हिरवा डोळा होता. आवाज झाला की त्यातले दोन पट्टे एकमेकांकडे सरकत. जेमतेम भिडले तर ठीक. एकमेकांवर चढले, की टेपवर आवाज फाटला म्हणून समजा. फाटलेला आवाज कोणी शिवून देत नाही. त्यासाठी आधी बोलून बघायचं आणि बटण त्या मापाने लावायचं.

"दादा, बोला काहीतरी."

दादांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, ताठ बसले, आणि साहेबापुढे उभं राहिल्यागत हळू आवाजात म्हणाले, "नमस्कार. मी अकोल्याहून बोलून रायलो." पट्टे हलेचनात. मी बटण वाढवत नेलं. पट्टे भिडले. मला हायसं वाटलं. यंत्रापुढे आमची सगळी माणसं अशीच अदबीने बोलतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मग त्यांनी हाक दिली. पट्टे एकमेकांवर चढले ते उतरलेच नाहीत. मी टेप थांबवून ऐकवली. पत्रा खरवडावा तसा आवाज. दादा आपल्याच आवाजाकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

"काय झालं? काहून थांबवलं?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. परत गावं लागेल, हे मात्र तोंडातून निघेना.

दादांनी गळा दाबून धरला, पाण्याचा घोट घेतला. "एकडाव होईन," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"एकडाव म्हंजे एकडावच!" वहिनी माझ्यावर कडाडल्या. "हे मशीन मानसाचं रगत पेते काय रे, कोकण्या?"

बटण लावायला हाक हवी. दादांनी हाक दिली तर गाण्याला आवाज उरणार नाही. अंदाजाने लावलं आणि चुकलं तर? मी स्वतः हाक देऊन पाहिली. तुणतुणं घेऊन बसलेले शेजारचे काका म्हणाले, "कोंबडं आरवलं काय बाप्पा?"

"सरक तिकडं," वहिनी म्हणाल्या. पदर खोचून माईकपुढे बसल्या आणि त्यांनी हाक दिली. तीच, दादांची. तोच चढ, शेवटी तोच हेलकावा. पट्टे एकमेकांवर चढले. मी बटण उतरवलं. "अजून एकदा, वहिनी." पुन्हा. जरा उतरवलं. पुन्हा. भिडले!

दादा बायकोकडे बघत होते. "हे कुठं लपवून ठेवलं व्हतं?"

"तुमच्यापुढं कोनाचं चालते काय घरात?"

मग दादा गायले. आवाज स्वच्छ बसत होता. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात ओठ हलले, पण आवाज आला नाही. हिरवे पट्टे दूर जाऊन थांबले. तुणतुणं चालूच होतं. दादा पुन्हा तोंड उघडत होते आणि मी यंत्राच्या डोळ्याकडे बघत मनातल्या मनात हात जोडत होतो.

मागून वहिनींनी ओळ उचलली. त्या भिंतीशी होत्या, माईकपासून लांब. पट्टे जेमतेम थरथरले. बटण वाढवावं तर दादांचा आवाज परत येताच फाटला असता. मी हात मागे घेतला. तो आवाज परत आला नाही. गाणं वहिनींनी संपवलं.

ऐकवताना, दादांचा आवाज संपतो तिथे मी टेप बंद करायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. पुढचं इतकं बारीक आलं होतं, की आम्ही सगळे यंत्रावर वाकून ऐकत होतो.

टेपचं चाक काढून मी वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी ते साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. वाजवायला त्या घरात काही नव्हतं. यंत्र उचलून मी स्टँडकडे निघालो आणि ते दोघं स्टेशनाकडे.