सासूबाईंचा उजवा पाय

सत्तरच्या दशकात, लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी साताऱ्याहून तासगावजवळच्या सासुरवाडीला गेलो. मी कारकून. दिवसभर टेबलावर पाठीची कमान करून बसायचं आणि उचलायचं ते फार तर पेन. अंगणात गडी गुळाच्या ढेपा बैलगाडीत चढवत होते. नव्या जावयानं गुमान बघत बसावं, तर मला पराक्रम सुचला.

"आवं जावईबापू, कमरंतनं वाकू नगासा! आदी खाली बसा, ढेप पोटाशी घ्या, मग उठा!" सासरे ओरडले.

ऐकलं असतं तर हे लिहायला उरलं नसतं. पाठीत कळ आली. ढेप खाली पडली, मी वाकलेलाच राहिलो. आमच्या पेठेत एक गृहस्थ असेच वाकले होते. ते उरलेलं आयुष्य लोकांना चपलांवरून ओळखत.

"उसण भरली. पायाळूची लाथ पायजे," शेजारचे म्हातारे म्हणाले.

जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाची लाथ बसली की उसण जाते, हे मला ठाऊक होतं. गावात तसं कोण, हे नव्हतं. सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. ही बाई म्हशीला शिंग धरून मागं सारायची.

"या बया! जावयाला लाथ? पाप लागंल की!"

"आन् जल्मभर वाकडा ऱ्हायला तर?"

"त्यापेक्षा डॉक्टर..." मी कण्हलो.

"गाडीच्या हिसक्यानं मोडून पडशीला!" सासरे म्हणाले.

सासूबाईंनी आधी मला नमस्कार केला, मग पदर खोचला. मी खांबाला मिठी मारून डोळे मिटले. मागून जोडवी वाजत जवळ आली.

"आई, दमानं गं," बायको पुटपुटली. ते ऐकून मी खांब आणखी घट्ट आवळला.

लाथ बसली ती जावयाचा मान राखून, मांजरानं ढुशी द्यावी तशी. पाठ होती तशीच.

"ही काय लाथ? नीट हाणा की!" म्हातारे भडकले.

"सुटली! सुटली!" मी किंचाळलो आणि दात आवळून, डोळ्यांत पाणी आणून सरळ झालो.

खरी पाठ सुटायला बरेच दिवस गेले. तेव्हापासून मी टाचणीसुद्धा उकिडवा बसून उचलतो. कचेरीत ताठ बसतो, मधूनमधून उठून फेरी मारतो. साहेबांना वाटतं, मी काम टाळतो.

पुढच्या दिवाळीला दारातच सासूबाईंनी मायेनं विचारलं, "पाठ कशी हाय आता?"

"ठणठणीत!" म्हणालो आणि जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो.