शनिवारची वही

घंटा वाजली आणि मी खाली बसले.

उकिडवी, हात गुडघ्यांवर, मान खाली. हातातली चादर बाजूला पडली. शिवणाच्या खोलीत त्या दिवशी पाहुण्या बायका आल्या होत्या, नवी पेठेतल्या दुकानदारांच्या घरच्या. घंटा चहाची होती. बाकीच्या बायका मशीनवरून उठून चहाला निघाल्या आणि मी एकटी जमिनीवर बसून, कुणीतरी मला मोजायला येईल म्हणून थांबले होते.

सुटून मला पंधरा दिवस झाले होते. त्याआधी सात वर्षं पुण्याच्या जेलमध्ये घंटा झाली की आम्ही जोडीजोडीनं अशाच बसत होतो. वॉर्डर गिनती करत पुढं सरकायची. गिनती जुळेपर्यंत उठायचं नाही. हे अंगात मुरलं होतं. मी काही ठरवून बसले नव्हते.

एक पाहुणी हसली. मग सगळ्या हसल्या. आमच्यातल्याही दोघी हसल्या, ते जास्त लागलं. मी उठायला लागले तेवढ्यात ताई म्हणाल्या, "थांब, अशीच बस. बघा, किती शिस्त आहे. आपल्या मुलांना आहे का अशी?"

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत मी बसून राहिले. पायांना मुंग्या आल्या. एक बाई माझ्याभोवती फिरून मला नीट बघून गेली. कुणी ऊठ म्हणालं नाही आणि सांगितल्याशिवाय उठायची माझी हिंमत झाली नाही.

ताई म्हणजे सोलापुरातल्या ज्या समितीनं मला ठेवून घेतलं होतं तिच्या चिटणीस. सुटलेल्या कैद्यांना आधार द्यायचा, त्यांना समाजात परत आणायचं, असं समितीच्या पाटीवर लिहिलं होतं. आम्हा बायकांना त्यांनी राहायला एक खोली आणि काम दिलं होतं, चादरींच्या कडा शिवायचं. चिटणीसबाईंना ताईच म्हणायचं, हा तिथला नियम होता. बहीण नियमानं मिळते हे मला तिथं कळलं.

माझं सांगते. मी करमाळ्याकडची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. चार महिन्यांनी दीर अंगावर आला. माझ्या हातात खुरपं होतं. त्याचा मला पश्चात्ताप होतो का, असं समितीच्या बैठकीत मला सगळ्यांदेखत विचारायचे. मी व्हय म्हणायचे. खरं काय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथंही सांगणार नाही.

माझी मुलगी छबू. मला शिक्षा लागली तेव्हा दीड वर्षाची होती, माझ्याबरोबर जेलात आली. पाच वर्षांची झाल्यावर तिला माझ्यापासून काढून सोलापुरातल्या एका बालगृहात ठेवलं. मी सुटून तिथं गेले तर अधीक्षक म्हणाले, समितीकडून चांगल्या वर्तणुकीचं पत्र आण आणि मुलीला घेऊन जा. एक कागद. त्या कागदासाठी मी कडा शिवत होते, प्रार्थना म्हणत होते आणि पाहुण्यांपुढं उकिडवी बसले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. मला कुणी खुर्ची दिली की मी आधी दार कुठं आहे ते बघून ठेवते. अजूनही.

"तू शिस्तीची आहेस," ताई म्हणाल्या. "लिहितावाचता येतं ना?"

"व्हय. जेलात शिकले."

त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही पुढं सरकवली. "या बायकांवर आपलं लक्ष पाहिजे. कोण कुठं जाते, कुणाशी बोलते, काय बोलते. तू लिहीत जा आणि दर शनिवारी मला दाखव. त्यांच्याच भल्यासाठी आहे हे."

मी वहीला हात लावला नाही. तशा त्या म्हणाल्या, "तुझ्या मुलीचं पत्र मलाच द्यायचंय. समितीला तुझी खात्री वाटली पाहिजे ना."

जेलमध्ये कैद्यांतल्याच एकीला वॉर्डर करायचे. तिला भाकरी जास्त मिळायची आणि तिच्याशेजारी कुणी अंथरूण टाकायचं नाही. मी तर तिची पाठ वळली की थुंकायचे. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या आठवलं. तरी मी वही घेतली.

आणीबाणीचं वर्ष होतं. गावात भिंतींवर शिस्तीच्या घोषणा रंगवल्या होत्या. टपरीवर चहा पितानाही माणसं आधी आजूबाजूला बघायची, मग तोंड उघडायची. मला त्याचं नवल वाटत नव्हतं. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. माझ्याकडं एक वही आहे, तशी आणखी कुणाकडं असेल. माझ्यावर कोण लिहीत असेल? मी एकेकीचं तोंड बघायचे. जी माझ्याशी चांगलं वागायची तिच्यावर माझा संशय जास्त.

तीन शनिवार मी काहीबाही लिहिलं. अमकी उशिरा उठली. तमकीनं प्रार्थना म्हटली नाही, नुसते ओठ हलवले. ताईंनी वाचलं आणि वही मिटली. "हे तर मलाही दिसतं. या महिन्यात तुझ्या पत्राचं जमेलसं वाटत नाही मला."

नरसव्वा माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. सोलापूरचीच, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी तिच्या तऱ्हेचं मराठी. चोरीच्या मालाच्या भानगडीत ती दोन वर्षं आत जाऊन आली होती. दिरांनी तिला घरात घेतलं नाही, पण नवरा दर मंगळवारी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला तिला चोरून भेटायचा. येताना घरची शेंगाची चटणी आणायचा. हे तिनं मला आपणहून सांगितलं होतं.

"दीर लोकांना कळलं तर त्याला बी घराबाहेर काढतील," ती म्हणाली. "तू कुणाला बोलू नको." आणि तिनं माझ्या भाकरीवर चटणी घातली. मी खाल्ली.

चौथ्या शनिवारी मी वहीत लिहिलं, "नरसव्वा दर मंगळवारी तलावाच्या कडेला एका पुरुषाला भेटते."

नवरा हा शब्द मला लिहिता येत होता. मी लिहिला नाही. नवरा लिहिलं असतं तर ताईंना त्यात काही वाटलं नसतं, आणि मला पत्र हवं होतं.

पुढच्या मंगळवारी समितीचा शिपाई तलावावर गेला. त्या माणसाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत पोचला आणि दारात उभा राहून दिरांना सगळं विचारून आला. शनिवारी प्रार्थना झाल्यावर ताईंनी नरसव्वाला तिचं बोचकं घेऊन सगळ्यांसमोर बोलावलं. शिपायानं ते सोडून जमिनीवर पसरलं. दोन लुगडी, एक कंगवा, चटणीची पुडी.

"परवानगीशिवाय पुरुषांना भेटायचं नाही हा नियम माहीत होता ना?"

"नवरा हाय माझा."

"मग लपून कशाला भेटत होतीस?"

 नरसव्वानं आम्हा सगळ्यांकडं वळून पाहिलं. एकेकीच्या तोंडावर तिची नजर थांबत होती, कुणी सांगितलं असेल म्हणून. माझ्यावर मात्र थांबली नाही. माझ्यावर तिचा संशयच नव्हता. ती बोचकं बांधून निघून गेली आणि आम्ही परत मशीनवर बसलो. जाताजाता ताई माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी पत्र घेऊन जा."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लाजही वाटली, पण आनंद आधी झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, बालगृहात भेटीचा दिवस. छबू वेण्या घालून बाकावर बसली होती. साडेआठ वर्षांची. मी म्हणाले, "पुढल्या रविवारी तुला न्यायला येते. मला पत्र मिळणार हाय."

ती खूश झाली. म्हणाली, "मला पण बाई चांगली मुलगी म्हणतात. एकटीलाच."

"कशावरनं गं?"

"मी त्यांना सांगते ना. कोण रडतं, कोण पळून जायचं बोलतं. मग मला दोन बिस्किटं देतात. परवा सुमीचं सांगितलं."

"सुमी कोण?"

"माझी मैत्रीण. तिला आईकडं पळून जायचं होतं. बाईंनी तिला दिवसभर कोंडून ठेवली." पाढे म्हणून दाखवावेत तसं ती सांगत होती. "मी सांगितलं ते तिला माहीतच नाही." आणि ती हसली.

 मला माझ्या मुलीची किळस आली, आणि ती किळस कुणाची आहे ते दुसऱ्याच क्षणी कळलं. जेलात सात वर्षं काढली, पण त्या बाकावर वाटली तेवढी भीती मला तिथं कधी वाटली नव्हती. तिला हे मी शिकवलं नव्हतं. आमच्या दोघींकडं एकाच तऱ्हेची माणसं आली होती, गोड बोलून. तिला बिस्किटं दिली आणि मला तिचंच आमिष दाखवलं. पण त्यांनी फक्त विचारलं होतं. सांगितलं आम्ही.

मी तिला सगळं सांगितलं. वही, नरसव्वा, चटणी, सगळं. आईनं असं केलंय म्हणून सांगितलं. छबू ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग ती बाई कुठं गेली?"

"ठावं न्हाय."

"तू बघायला गेली नाहीस?"

मी सोमवारी संध्याकाळी काम सुटल्यावर निघाले. विचारत विचारत विणकरांच्या वस्तीत गेले. नरसव्वा एका ओळखीच्या बाईच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मला बघून तिला बरं वाटलं. बस म्हणाली. मी बसले नाही.

"वहीत मी लिवलं व्हतं," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. "तुला बोलली होती मी. नवरा हाय म्हणून."

"व्हय."

"तो आता येत न्हाई. दिरांनी शपथ घातली त्याला." तिनं सुपातलं पान उचललं, कात्रीनं कापलं, त्यात तंबाखू भरला. विडी पुरी झाली, दोऱ्यानं बांधून झाली. मग म्हणाली, "जा आता."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती द्यायचं ओझं तिच्यावर पडलं असतं. ती जा म्हणाली ते बरोबर होतं. मी निघून आले.

शनिवारी ताईंच्या टेबलावर पत्र टाईप होऊन पडलं होतं. खाली शिक्का. वर्तणूक उत्तम, असं त्यात लिहिलेलं मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. ताईंनी वही पुढं केली. "आधी या आठवड्याचं."

मी उभ्या उभ्याच लिहिलं, "नरसव्वा तिच्या नवऱ्याला भेटत होती. मला ते माहीत होतं. मुलगी मिळावी म्हणून मी ते लपवलं. मी यापुढं कुणाबद्दल लिहिणार नाही." खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि वही फिरवून त्यांच्यापुढं ठेवली.

ताईंनी दोनदा वाचलं. "हे पान फाड. पत्र समोर आहे."

"न्हाय."

"मुलगी नको तुला?"

"पायजे. माजी हाय ती."

"मग?"

"मग न्हाय फाडणार. पुढल्या बैठकीत वाचून दावा. मला पश्चात्ताप हाय का म्हणून इचारता न्हवं? ह्याचा हाय."

त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. "तुम्हा लोकांसाठी कितीही करा," त्या म्हणाल्या.  दुपारी शिपाई माझ्या बोचक्यासाठी आला. मी त्याला हात लावू दिला नाही. बोचकं मी डोक्यावर घेतलं आणि समोरच्या दारानं बाहेर पडले.

आता मी एका कारखान्यात चादरींचे गठ्ठे बांधते. छबूसाठी कोर्टात अर्ज केलाय. प्रत्येक तारखेला कारकून विचारतो, समितीचं पत्र कुठं आहे. मी नाही म्हणते. तो पुढची तारीख देतो. पुण्याहून एखादी बाई सुटून येणार असं कळलं की मी एस. टी. स्टँडवर जाऊन थांबते. भाकरी देते, माझ्या खोलीत जागा देते. तू काय केलंस, कुणाला भेटतेस, हे विचारत नाही. एवढंच सांगते की कुणी खुर्ची देऊन दुसरीबद्दल विचारलं तर तोंड उघडायचं नाही, समोर काहीही ठेवलेलं असलं तरी. आणि माझ्यावरही लगेच विश्वास टाकू नकोस म्हणते. मी काय केलं होतं तेही सांगते.

छबू माझ्यावर चिडली आहे. मागच्या रविवारी ती माझ्याकडं पाठ करून बसली. मी निघताना तिनं एवढंच विचारलं, "पत्र घेतलं असतंस तर मी घरी असते ना?"

मी हो म्हणाले. तिच्याशी मी खोटं बोलणार नाही.

तिला मी तिथून काढणार. वर्ष लागेल, दोन लागतील, पण काढणार. दुसऱ्या बाईचं घर मोडून नाही काढणार. तोवर तिला माझा राग येईल. येऊ दे. तो तिनं माझ्या तोंडावर बोलून दाखवावा, माझ्या पाठीमागं कुणाच्या कानाला लागू नये, एवढं मी तिला शिकवणार आहे. येत्या रविवारपासूनच.