चहा पिऊन जाणाऱ्यांचं आधी फेडलं

बाळांनो, घर वाचलं, हे आधीच सांगते. म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

आजोबांचा छापखाना बंद पडला तेव्हा त्याची कर्जं त्यांच्या नावावर होती. घर आणि घराचं कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या पेन्शनमधून. सगळे कागद तारखेप्रमाणे फायलीत लावलेले. तरीही बँकेची नोटीस आली: साठ दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ.

चूक माझीच. छापखान्यासाठी उसने पैसे दिलेले लोक घरी यायचे. मी चहा करायची, खव्याचा पेढा द्यायची. समोर बसलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून पेन्शनमधलं थोडं पाकिटात घालून द्यायची. बँक काही चहाला येत नाही. तिचं राहून जायचं.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या वकीलबाई माझ्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. फाइल चाळून हसल्या.

"बाई, समास सोडला न्हाय तर तुम्ही आम्हाला पट्टी मारायचात. आन् इथं काय केलं? चहा पिऊन गेला त्याला आधी, अन् घराला कुलूप लावणार त्याला शेवटी?"

त्यांनी मार्ग सांगितला. आजोबांनी जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणं आता शक्य नाही असं जाहीर करण्याचा, अर्ज द्यायचा. छापखान्याची यंत्रं कोर्टामार्फत विकून येईल ते सगळ्यांना वाटून द्यायचं. माझ्या पेन्शनला त्या देण्यांसाठी हात लावायचा नाही. ती फक्त घरासाठी.

आजोबा खुर्चीतून उठलेच. "अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका छापल्या मी. आता पेपरात नादार म्हणून माझं नाव छापून येणार?"

"येईल," मी म्हणाले. "पण नावाखाली पत्ता या घराचा असेल."

त्यांनी चष्मा पुसून सही केली.

नाव छापून आलं. त्या दिवशी ते भाजी आणायला गेले नाहीत, मी गेले. बँकेच्या साहेबांनी थकबाकीचे हप्ते पाडून दिले, ते मी एकही न चुकवता भरले. कारवाई थांबवल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, फायलीत लावलं आणि भर दुपारी दोन तास झोपले. असं मी कधी करत नाही.

एक भीती उरली होती. तेर गावचे भावजी, आजोबांचे मावसभाऊ, उसने देणाऱ्यांत सगळ्यात जुने. एके सकाळी बसनं आले, दारातच उभे राहिले.

"वहिनी, कोर्टाचा कागद आला. चहा तरी मिळंल, का त्योबी कोर्टानं अडकवलाय?"

मला हसू आलं, डोळेही भरले. चहा केला, पेढा दिला. पाकीट दिलं नाही. तेवढं जड गेलं.

जाताना म्हणाले, "मागणार न्हाय आता. पण इसरलो म्हणू नका."

"मीही विसरले नाही," मी म्हणाले.

तर वरची खोली तुमचीच आहे. सुट्टीत कधी येताय ते कळवा, गाद्या उन्हात घालते.