मामांचा भट्टीतला घेवडा

कोल्हापुरात रविवारी दुपारी अख्ख्या घराला मटणाऐवजी घेवडा खायला लावायची हिंमत आजवर एकाच माणसानं केली, आणि ते माझे सासरे आहेत. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, सलग तीन वर्षं. आणि तोही साधा परतलेला घेवडा असता तर माणसानं भाकरीबरोबर ढकलला असता. हा घेवडा दुधा-मैद्याच्या घट्ट सारात बुडालेला, मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर सायीचा थर, त्याच्यावर तळलेला कांदा, आणि हे सगळं भट्टीत लालसर होईपर्यंत भाजून काचेच्या ट्रेमधून सुरीनं कापून ताटात ठेवायचं. पहिल्यांदा ती चौकोनी वडी ताटात आली तेव्हा माझ्या मेहुण्यानं ती बोटानं दाबून बघितली आणि विचारलं, "आबा, हे खायाचं हाय का चिकटवायचं?"

मी त्यांना मामा म्हणतो. मामांचं सगळं आयुष्य साखर कारखान्यात बॉयलरवर गेलं. निवृत्त होऊन ते शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, पण बॉयलर काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. घरात कुकर लावला तरी ते शिट्टीकडे पाठ करून उभे राहत नाहीत. मेहुण्यानं बायकोच्या हौसेखातर केक करायला म्हणून विजेची छोटी भट्टी आणली होती. त्यात एकच केक झाला, तोही मधून कच्चा, आणि भट्टी कपाटावर चढली. ती मामांनी उतरवून स्वतःच्या घरी नेली. तिला चारही बाजूंनी बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्याला सेफ्टी व्हॉल्व कुठाय?" नाही म्हटल्यावर त्यांनी भट्टीपासून तीन हातांवर खडूनं रेघ मारली. भट्टी चालू असताना त्या रेघेच्या आत यायचं नाही. एकदा मी कौतुकानं काचेतून आत डोकावलो, तर मामांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढलं. "मास्तर, बॉयलरच्या तोंडाम्होरं उभारायचं नसतंय. शिकलेली माणसं तुमी, सांगाय लागतंय व्हय?" मी शाळेत मराठी शिकवतो. त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं, म्हणजे वीतभर भट्टीसमोर जावयाचा मान कवडीचाही नसतो.

पदार्थ त्यांना फोनवर सापडला. एक परदेशी बाई आपल्या भल्यामोठ्या कुटुंबाच्या जेवणासाठी तो करत होती आणि इंग्रजीत भराभर बोलत होती. मामांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "मामा, मी भाषांतर करून देतो." ते म्हणाले, "भाषा कशाला? हात दिसत्यात की तिचं." आणि खरोखरच त्यांनी आवाज बंद करून तो व्हिडिओ वीस-पंचवीस वेळा नुसता बघितला. बाईनं त्यात अळंबी घातली होती, ती तेवढी मामांनी "कुत्र्याच्या छत्र्या आमच्या घरात नगोत" म्हणून रद्द केली आणि तिच्या जागी बटाटा आणला. चटणी मात्र त्यांनी कुणालाही घालू दिली नाही. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखटजाळ मसाला, आणि ती नसेल तर पदार्थाला पदार्थ म्हणायची पद्धत नाही. मेहुणा दर रविवारी आशेनं बरणीकडे हात न्यायचा आणि मामा दर रविवारी ओरडायचे, "हे पांढरंच असतंय!"

घेवडा निवडणं हा एक वेगळाच सोहळा. फरसबी म्हणा, श्रावणघेवडा म्हणा, मंडईत मामा एकेक शेंग कानाजवळ धरून मोडायचे. कट् असा आवाज आला तर ती पिशवीत, नाहीतर परत ढिगात. पन्हाळ्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका मावशींनी तर त्यांना भर बाजारात सुनावलं होतं, "ओ मामा, वाजवून घ्यायला मडकं हाय व्हय ते?" मामा शांतपणे पुढची शेंग कानाशी नेत म्हणाले, "मडकं न्हाय, म्हणून तर एवढुशा आवाजावर भागवतोय." पिशवी धरून शेजारी उभं राहायचं काम माझं. वर्गातल्या पोरांचे पालक दिसले की मी पिशवीआड तोंड लपवायचो.

आता हा घेवडा तीन वर्षं चालला याचं पाप कुणाच्या माथी, हे सांगायलाच हवं. माझ्या. पहिल्या रविवारी सगळे एक घास खाऊन गप्प बसले होते. मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. शांतता मला कधीच सोसत नाही, आणि खोटं बोलायची वेळ आली की माझी भाषा एकदम अलंकारिक होते. मी म्हणालो, "मामा, अप्रतिम! असं काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं." दुसरं वाक्य तर अगदी खरं होतं. पण पहिल्यानं घात केला. मामांनी ट्रेमधला उरलेला पाव भाग उचलून माझ्या ताटात ठेवला, आणि पुढच्या रविवारपासून नियमच झाला. शिवाय निघताना उरलेला घेवडा डब्यात भरून मला मिळायचा, कारण घरात कदर करणारा मी एकटाच. माझी बायको म्हणते, "तुमच्या एका शब्दापायी माझ्या माहेरची वाट लागली." सोमवारी मी तो डबा शाळेत न्यायचो. हळूहळू सोमवारी माझ्याशेजारी डबा खायला कुणी बसेनासं झालं.

माणूस घाबरट असला की त्याला साथीदार लागतो. मला मेहुणा मिळाला. मामांच्या घरून जेवून निघालो, की त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या खानावळीत आम्ही दोघं शिरायचो. बायकांना सांगायचं की मेहुण्याच्या दुकानाला लागणाऱ्या ट्रॅक्टरच्या सामानाबद्दल बोलायचं आहे. मला ट्रॅक्टरचं चाक आणि स्टिअरिंग एवढे दोनच भाग माहीत आहेत. आत गेल्यावर मटणाचं ताट, तांबडा रस्सा, पांढरा, पुन्हा तांबडा. पोटात घेवडा असताना त्यावर तांबडा ओतणं हे आरोग्याच्या दृष्टीनं काय आहे ते मला विचारू नका. आत्म्याच्या दृष्टीनं बरं वाटायचं.

एका रविवारी मी डबा मुद्दाम विसरलो. ओट्यावर ठेवला आणि "येतो मामा" म्हणून सटकलो. खानावळीत बसलो, पहिली वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि उघडले तर दारात मामा. हातात माझा डबा. मेहुण्याची मोटरसायकल बाहेर दिसली म्हणून ते आत आले होते. मेहुण्यानं मान खाली घातली. मी, ज्याला अशा वेळी गप्प बसता येत नाही, तोंडाला रस्सा लागलेला असताना म्हणालो, "या मामा, बसा की!"

मामांनी टेबलाकडे बघितलं, आमच्या वाट्यांकडे बघितलं, आणि डबा माझ्यासमोर ठेवला. "पावणं, डबा विसरला हुता तुमचा," एवढंच म्हणाले आणि गेले. आमच्याकडे जावयाला पावणं म्हणतात आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही म्हणतात. लग्न झाल्यापासून मामा मला मास्तर म्हणत आले होते. त्या दिवशी मी त्यांचा कोणता पावणा झालो होतो, हे मला चांगलंच कळलं.

पुढच्या शनिवारी मामांचा माझ्या बायकोला फोन आला. "उद्या नगा येऊ. जरा काम हाय मला." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग तिसऱ्या. आता रविवारी आमच्या घरी मटण, मेहुण्याच्या घरी मटण, कुणाची आडकाठी नाही. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, जेवलासा का?" म्हटलं, जेवलो. "कसं झालतं?" म्हटलं, चांगलं झालं होतं. तो म्हणाला, "व्हय, हितंबी चांगलं झालतं," आणि फोन ठेवला. बायको भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "आई गेली तेव्हा एवढं जाणवलं नव्हतं मला." मला त्या स्वयंपाकघरात उभं राहवेना.

चौथ्या रविवारी सकाळी मी एकटाच मामांकडे गेलो. वाटेत माफीचं भाषण तयार केलं होतं, तीन परिच्छेदांचं. मामा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. भट्टीची वायर काढून गुंडाळून ठेवली होती आणि तिच्यावर सासूबाईंच्या जुन्या पातळाचा तुकडा झाकला होता. तो बघितल्यावर ते तिन्ही परिच्छेद मी सोडून दिले. मी नुसतं म्हणालो, "मामा, मी खोटं बोललो. तीन वर्षं."

"म्हाईत हाय की," मामा म्हणाले. "मला चव कळत न्हाय असं वाटलं व्हय तुमास्नी? आळणी हुतंय ते. पैल्या घासालाच कळलं मला."

"मग दर रविवारी का करत होता?"

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ती गेल्यावर पैल्या रविवारी मी मटण केलतं. आठवतंय?"

मला आठवलं. मामांनी सासूबाईंनीच कुटून ठेवलेल्या चटणीत मटण केलं होतं. सगळे ताटावर बसलो. दोन घास झाले आणि बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मेहुणा हात धुवून अंगणात जाऊन उभा राहिला. मी खाली बघत जेवत राहिलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

"चव तिचीच आलती," मामा म्हणाले. "तितंच चुकलं बगा. पोरं उठून गेली. मग म्हणलं, ह्या घरात तिनं कदी केलंच न्हाय असं कायतरी शिजवायचं. नावं ठेवू देत, हसू देत. ताटावर बसून बोलली म्हंजे झालं. आन् बोलत हुती की! तीन वर्षं नुसती हसत हुती पोरं."

"घेवड्याला?"

"न्हाय वो," मामा मला समजावत म्हणाले, "तुमाला. तुमी वा वा करत गिळायचा, आन् समदी एकमेकाकडं बगून हसायची. तुमच्याबिगर जमलं नसतं ते."

म्हणजे तीन वर्षं मी स्वतःला सासऱ्याचं मन राखणारा मोठा मुत्सद्दी समजत होतो, आणि प्रत्यक्षात मी त्या जेवणातलं तोंडी लावणं होतो. आयुष्यात एवढं उपयोगी पडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. मी बाहेर जाऊन मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, मटण आणलंय आत्ताच." म्हटलं, ते फ्रीजमध्ये ठेव आणि पोराबाळांना घेऊन ये. मग मामांबरोबर मंडईत गेलो. घेवडा त्या दिवशी मी निवडला. शेंगांचे दोरे काढायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे जेवताना मेहुण्यानं दातातून वीतभर दोरा ओढून काढला आणि ओरडला, "कुणी निवडलंय हे? शिवण मारलीया काय?" बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मेहुण्यानं खिशातून चटणीची पुडी काढली आणि सरळ स्वतःच्या वडीवर रिकामी केली. मामांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आता मामांचे हात थरथरतात. ट्रे उचलायचं काम मेहुण्याकडे आलं आहे, निवडणं बायकोकडे, आणि माझ्याकडे फक्त कांदा चिरणं, तेही कुणीतरी लक्ष ठेवून असताना. मामा खुर्चीत बसून हुकूम सोडतात आणि जेवताना जेमतेम दोन घास खातात. आम्ही मोठमोठ्यानं नावं ठेवतो, आणि नावं ठेवून झाली की ट्रे रिकामा करतो. गेल्या रविवारी मुलं बाहेर खेळायला गेली होती, बाकीचे आवराआवर करत होते. मी आणि मामा दोघंच ताटावर उरलो होतो. मामा वडीकडे बघत हळूच म्हणाले, "मास्तर, तिला आवडलं असतं का वो हे?"

एक गोड वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "एक घास खाऊन त्यांनी ताट बाजूला सारलं असतं."

मामा खूप वेळ हसत राहिले. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "व्हय," ते म्हणाले, "सारलंच असतं," आणि ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वाढा अजून जरासं."