डाव्या हातातली पेन्सिल

पेन्सिलीला टोक काढल्याचा वास आला की मला आयर्लंडमधल्या कासलबार गावातला नातीचा दुसरीचा वर्ग आठवतो. मुलगा तिथे इंजिनियर, मी सहा महिन्यांसाठी गेले होते. शाळेने एके दिवशी आजी-आजोबांना बोलावलं होतं. बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या कोटांचा कुबट वास, आणि आम्ही म्हातारी माणसं बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलेलो. बाईंनी मुलांना आजीला पत्र लिहायला सांगितलं. नात डाव्या हाताने लिहायला लागली. "त्या हाताने लिहायचं नाही, बाळ," असं म्हणून मी पेन्सिल तिच्या उजव्या हातात दिली. तिने ती परत डाव्यात घेतली, तेव्हा मी त्या हातावर चापट मारली. "आजी, स्टॉप," ती म्हणाली. बाई आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या, लहान मुलाला चुकताना बघून हसतात तसं. नात त्यांना म्हणाली, "शी डझन्ट नो." तेवढं इंग्रजी मला कळतं. पण मला माहीत होतं. मीही डावखुरीच. दुसरीत गुरुजींनी माझा डावा हात सुजेपर्यंत पट्टीने बदडला होता, आणि आईने तो आठवडाभर फडक्याने बांधून ठेवला होता. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. पत्र अर्धंच राहिलं. आता ती कॉलेजात आहे. सुट्टीत येते, माझ्याशी नीट बोलते. पण लिहीत बसलेली असताना मी खोलीत आले, की पेन खाली ठेवते आणि हात टेबलाखाली घेते.